किल्ला आपला, शत्रू कुठंय?

दिवाळीच्या आधी चार दिवस मोहोळमधल्या कुठल्याही गल्लीत शिरा. एखाद्या ओट्याखाली विटा, फुटके डबे आणि सिमेंटची रिकामी पोती यांचा ढीग दिसेल आणि दिवेलागणीपर्यंत त्याचा किल्ला झालेला असेल. आपल्याकडची काळी माती या कामाला तशी बेभरवशाची. ओली असताना हात सोडत नाही, वाळली की बुरुजाला बोट जाईल एवढ्या भेगा पाडते. म्हणून जाणती पोरं मुरूम चाळून तिच्यात मिसळतात, वरून गेरूचं पाणी मारतात, उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरतात. सलाइनची बाटली उंचावर टांगून तिच्या नळीतून कारंजं काढणारा एखादा कारागीर आळीत असतोच. मग मातीची चित्रं येतात. सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा उंच, तलवार उगारलेले मावळे सगळे एकाच साच्यातले, गुहेत वाघ, पायथ्याला गवळण, वासुदेव आणि धाकट्या भावाच्या हट्टापायी ठेवलेला प्लास्टिकचा ट्रॅक्टर.

एवढ्या मांडणीत शत्रू मात्र कुठंच नसतो. तोफा बाहेर रोखलेल्या असतात, पहारेकरी जागचा हलत नाही, पण वेढा घालून बसलेलं कुणी नाही. एकदा मांडलेला मावळा तुळशीच्या लग्नापर्यंत तिथंच उभा राहतो. किल्ल्याचं कौतुक होतं, स्पर्धेत नंबर येतो, पण त्या किल्ल्यावर लढाई कधी होत नाही.

अशा सैनिकांना हलवायचं, दोन बाजू करायच्या, नियम ठरवायचे आणि इतिहासातली एखादी खरी लढाई टेबलावर पुन्हा लढून बघायची, असा एक छंद जगात गेली साठ-सत्तर वर्षं जोमात आहे. इंग्लंड-अमेरिकेत त्याची मासिकं निघतात, मेळावे भरतात, रंगवलेल्या फौजा कपाटं भरून ठेवल्या जातात. इतिहासावर इतका जीव टाकणाऱ्या महाराष्ट्रात हा छंद जवळजवळ नाही. पुण्या-मुंबईत बोर्डगेम खेळणारी मंडळी आहेत, प्लास्टिकची विमानं-रणगाडे जोडणारे हौशी आहेत. पण मराठ्यांची लढाई टेबलावर मांडून खेळणारा गट शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. असं का, आणि व्हायचं असेल तर काय लागेल, हे बघण्यासारखं आहे.

खेळाचं कूळ बुद्धिबळाचंच. जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या हेल्विग नावाच्या गृहस्थांनी १७८० मध्ये बुद्धिबळाचा पट फुगवून १,६६६ घरांचा केला, घरांना डोंगर, पाणी, दलदल असे रंग दिले आणि प्याद्यांच्या जागी पायदळ-घोडदळ आणलं. १८१२ मध्ये फोन राइस्वित्स यांनी घरंच काढून टाकली आणि प्रशियाच्या राजाला खराखुरा भूभाग असलेलं टेबल करून दिलं. त्यांच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलानं १८२४ मध्ये त्यात नकाशा, फासे आणि पंच आणले. एक फेरी म्हणजे दोन मिनिटांचा काळ. सेनापतीचा हुकूम पंचाच्या हातात लेखी द्यायचा, तो तुकडीपर्यंत पोचायला वेळ लागणार. पुढे १८७०-७१ मध्ये प्रशियानं फ्रान्सला लोळवलं, तेव्हा युरोपातल्या बाकीच्या सैन्यांना हा खेळ एकाएकी आवडू लागला.

तो अधिकाऱ्यांच्या खोलीतून घरात आला खेळण्यांच्या दुकानामार्गे. १८९३ मध्ये ब्रिटन या इंग्रज कंपनीनं शिशाचे आतून पोकळ सैनिक ओतायची युक्ती काढली, सैनिक स्वस्त झाले. विज्ञानकथा लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' नावाचं नियमांचं पुस्तक लिहिलं. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून खरोखरच गोळा उडवून समोरचे सैनिक पाडायचे, तेही जमिनीवर पालथं पडून, नेम धरून. वेल्स युद्धाच्या विरोधातले. ज्यांना युद्धाची खाज आहे त्यांनी ती इथं भागवावी, असा त्यांचा सूर. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. आजचा छंद खऱ्या अर्थानं उभा राहिला तो १९५७ नंतर. त्या वर्षी अमेरिकेत जॅक स्क्रबी यांनी या विषयाचं नियतकालिक काढलं आणि १९६२ मध्ये इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोन यांचं पुस्तक आलं. फेदरस्टोन पेशानं फिजिओथेरपिस्ट. हा छंद सेनापतींनी नव्हे, अशाच चाकरमान्यांनी वाढवला.

खेळतात कसं, तेही थोडक्यात. टेबलावर जमीन मांडायची: टेकडी, ओढा, गाव, झाडी. सैनिक बहुधा २८ मिलिमीटर उंचीचे, जागा आणि पैसा कमी असेल तर १५ किंवा ६ मिलिमीटरचेही. एक पुतळा म्हणजे वीस-तीस माणसं, असा काहीतरी हिशेब ठरतो. टेपनं मोजून चाल करायची: पायदळ सहा इंच, घोडदळ बारा, ओढा ओलांडायचा तर निम्मं. गोळीबाराचा निकाल फाशांवर. पण खेळाचा जीव असतो धीराच्या नियमात. तुकडीनं मार खाल्ला, शेजारची तुकडी पळाली, सरदार पडला की फासे टाकायचे. दान वाईट पडलं तर न मेलेली माणसंही पाठ फिरवतात. हा नियम मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी पानिपतावर विश्वासराव पडले आणि नंतर सदाशिवरावभाऊंची अंबारी रिकामी दिसली, तेव्हा जे झालं ते हेच.

म्हणजे लागणारं सामान आपल्या घरात पूर्वीपासून होतं. बुद्धिबळ होतं, सारीपाट होता. एकात डोकं, दुसऱ्यात दान, आणि हा खेळ म्हणजे त्या दोघांची बेरीज. मातीचे सैनिक होते, किल्ले होते. 'जर-तर'ची हौस तर आपल्याइतकी कुणाला नसेल. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि त्यापुढचा सगळा हिंदुस्थानच निराळा होतो. ती वाचून भारावलेली माणसं गावोगाव भेटतील. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर लिहिण्याआधी ती भूमी पायाखाली घातली. कट्ट्यावर 'भाऊंनी दिल्लीतच थांबायला हवं होतं' यावर रात्र काढणारे आपण, पण टेबलाशी बसून ते एकदा करून बघत नाही.

पैशाचं कारण पुढं करता येईल. धातूच्या फौजा बाहेरून मागवायच्या, वर जकात भरायची, हे कुणाच्याही खिशाला जड आहे. पण खेळ कागदी ठोकळ्यांवरही होतो, जर्मनांनीही तो साध्या ठोकळ्यांवरच सुरू केला. मला खरं कारण वेगळं वाटतं. आपला दिवाळीचा किल्ला हा देव्हाऱ्याच्या जवळचा आहे. तिथं आपण इतिहास मांडतो, तो पणाला लावत नाही. टेबलावरची लढाई मात्र अट घालते की औरंगजेबाच्या बाजूनं कुणीतरी बसलं पाहिजे, त्यानं जीव ओतून खेळलं पाहिजे आणि तो जिंकूही शकला पाहिजे. ही अट आपल्याला जड जाते. मुलं संगणकावर ती सहज पाळतात. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे खेळायला मिळतात आणि पुष्कळ पोरांनी इंग्रजांना तिथं समुद्रात बुडवलंय. पण तिथं समोर यंत्र असतं. शत्रूच्या जागी शेजारचा पक्या नसतो.

या अटीची परीक्षा बघायला पानिपतला जायची गरज नाही, आपल्याच तालुक्यात लढाई पडली आहे. मोहोळ तालुक्यातलं आष्टी आज तलावासाठी ओळखलं जातं. २० फेब्रुवारी १८१८ ला तिथं पेशवाईचा शेवटचा मोठा सेनापती पडला. पुणं हातचं जाऊन तीन महिने झालेले, सातारचा किल्लाही त्याच महिन्यात इंग्रजांनी घेतलेला. दुसरा बाजीराव सोलापूरकडून येऊन आष्टीला मुक्कामाला होता, बरोबर छत्रपती प्रतापसिंह, त्यांची आई आणि भाऊ. पायदळ मागं ठेवून जनरल लायोनेल स्मिथ घोडदळ आणि घोडतोफा घेऊन सकाळी येऊन ठेपला. बाजीराव जेवायला बसला होता. पालखी सोडून तो घोड्यावर चढला आणि निघाला. पिछाडी सांभाळायला राहिले सेनापती बापू गोखले, काहीशे स्वारांनिशी.

स्मिथचं घोडदळ रांगेनं पुढं येत होतं: मध्ये बाविसावं ड्रगून हा गोरा रिसाला, उजवीकडे सातवं मद्रास घोडदळ, डावीकडे दुसरं. सातव्याच्या वाटेत नाला आडवा आला. तो ओलांडताना त्यांची रांग विस्कटली आणि ती पुन्हा जुळत असतानाच गोखल्यांनी तिरकी दौड मारून त्यांना बगलेत गाठलं. सातव्याची दाणादाण उडाली, खुद्द स्मिथच्या डोक्याला जखम झाली. मधल्या ड्रगूनांची एक तुकडी वळली, तिनं मराठ्यांवर हल्ला चढवला, त्यात बापू गोखले कामी आले आणि स्वार विखुरले. लढाई थोड्याच वेळात संपली.

हा प्रसंग टेबलावर मांडायला घेतला की पुस्तकात न सुचलेले प्रश्न सुचतात. पहिला प्रश्न जमिनीचा. आष्टीचा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळानंतरच्या काळातला. लढाईच्या दिवशी तो नव्हता. आजचा नकाशा घेऊन बसलात तर टेबलाचा मोठा भाग पाण्याखाली जाईल. तो तलाव पुसायचा, त्याखालचा ओढा परत वाहता करायचा आणि मगच नाला कुठला असेल याचा अंदाज बांधायचा. दुसरा प्रश्न हुकमांचा. गोखल्यांना नाला ठाऊक होता की नशिबानं वेळ साधली? ठाऊक असेल तर खेळणाऱ्याला तो टेबलावर दिसू द्यायचा. नसेल तर पंचानं चिठ्ठीत लपवून ठेवायचा. तीनच महिन्यांपूर्वी, ५ नोव्हेंबर १८१७ ला, खडकीला गोखल्यांच्याच घोडदळाची दौड समोरच्या दलदलीत रुतली होती. एकाच माणसाला जमिनीनं एकदा बुडवलं, एकदा हात दिला. पटावर या दोन लढाया पाठोपाठ खेळल्या तर सेनापती म्हणून बापू गोखले जेवढे कळतील, तेवढे दहा भाषणांत कळणार नाहीत.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: जिंकलं कोण? मैदान इंग्रजांचं झालं, सेनापती मराठ्यांचा पडला, म्हणून आपण 'पराभव' लिहून मोकळे होतो. पण गोखल्यांचं त्या सकाळचं काम होतं पेशव्याला निसटू देणं, आणि बाजीराव निसटला. तो इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला थेट ३ जून १८१८ ला. उलट छत्रपती इंग्रजांच्या हाती लागले, आणि त्यांनाच पुढं साताऱ्याच्या गादीवर बसवून इंग्रजांनी पेशव्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली. तेव्हा गुण कसे द्यायचे? मी असे देईन: बाजीराव टेबलाच्या कडेपार गेला तर मराठ्यांना दोन, छत्रपतींचा डेरा सापडला तर इंग्रजांना तीन, गोखले पडले तर एक. कुणी म्हणेल, छत्रपतींना तीन का? मग भांडा, कारण त्या भांडणातूनच १८१८ चं राजकारण कळत जातं. असा हिशेब केला की मराठ्यांच्या बाजूनं खेळणारा माणूस पेशव्याच्या मागं न धावता आधी प्रतापसिंहांना बाहेर काढायचा विचार करील, आणि तो विचार त्या सकाळी तिथं कुणी का केला नसेल, असं स्वतःलाच विचारील.

आयते इंग्रजी नियम मात्र इथं जसेच्या तसे लागू पडत नाहीत. ते बनले नेपोलियनच्या रांगा आणि चौकोन डोळ्यांसमोर ठेवून. असईच्या लढाईला ते चालतात. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंद्यांची पलटणं पोलमान या हॅनोवरच्या अधिकाऱ्याच्या हुकमाखाली कवायती शिस्तीनं उभी होती. त्यांच्या तोफांनी इंग्रज सेनापती वेलस्लीची इतकी माणसं खाल्ली की मेलेली, जखमी आणि बेपत्ता मिळून आकडा दीड हजारावर गेला. परदेशातले छंदी मराठ्यांची लढाई म्हणून बहुधा असईच खेळतात, ती यामुळेच.

पण आपल्या भीमाकाठी जे झालं ते कुठल्या टेबलावर मावणार? तालुक्याच्या टोकाला बेगमपूर, नदीपलीकडे माचणूर-ब्रह्मपुरी. १६९५ पासून चार वर्षं औरंगजेबाची छावणी तिथं होती; छावणी कसली, चालतं-बोलतं शहर. त्याच वर्षी संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीला मोगल सरदार कासिमखानाची फौज कोंडली. तिथं तलवारीपेक्षा भुकेनं जास्त काम केलं. वैरण, पाणी, बाजार, बातमी ही त्या युद्धाची हत्यारं होती, आणि सहा इंच-बारा इंचांच्या नियमांत ती धरता येत नाहीत. त्यासाठी नकाशावरचा लांब पल्ल्याचा खेळ लागेल, महिन्याला एक फेरी असा, ज्यात मोगली खेळाडूला धान्याचे तांडे हलवावे लागतील आणि मराठी खेळाडूला लढाई टाळण्याचे गुण मिळतील. असा खेळ मराठी माणसानंच करायला हवा. इंग्रज छंदी तो करणार नाही, त्याला रांगा रंगवायच्या असतात.

रंगवण्यावरून आठवलं. आपल्या साच्यातला मावळा सगळीकडे एकच: पगडी, अंगरखा, ढाल. पण १८१८ ची फौज रंगवायला बसा. पेशव्यांच्या पायदळात अरब निघतात, गोसावी निघतात. समोर मुंबईच्या पलटणीत कोकणातले आणि घाटावरचे मराठी बोलणारे शिपाई, त्यांत महार शिपाई मोठ्या संख्येनं. मद्रासच्या घोडदळातही गोरे अधिकारी सोडले तर सगळे हिंदुस्थानीच. कोण कुणाच्या बाजूनं आणि का, हा प्रश्न कुंचला हातात असताना चुकवता येत नाही, कारण पुतळ्याच्या चेहऱ्याला कुठला तरी रंग द्यावाच लागतो.

इथंच आक्षेपही येतो आणि तो खोटा नाही. ज्या लढाईत कुणाचे पूर्वज मेले आणि जिची आठवण आजही कुणाच्या मानाशी जोडलेली आहे, तिचा खेळ करावा का? कोरेगावची लढाई मी तरी आज पोरांना टेबलावर मांडून देणार नाही. तिथं दरवर्षी लाखो माणसं मानवंदनेला जातात, ते फाशांचं ठिकाण नव्हे. पण या कारणासाठी सगळाच इतिहास पटावरून उचलायचा, हेही पटत नाही. खेळातही आपली बाजू हरता कामा नये, ही समजूत काय करते याचं उदाहरण जपानी आरमाराचं. मे १९४२ मध्ये यामातो युद्धनौकेवर त्यांनी मिडवेच्या मोहिमेचा सराव टेबलावर केला. फाशांनी निकाल दिला की आकागी आणि कागा या दोन्ही विमानवाहू नौका बुडाल्या. पंच होते ॲडमिरल उगाकी. नऊ बॉम्ब लागले ते त्यांनी तीन धरले, आकागीला वाचवलं आणि बुडालेल्या कागालाही पुढच्या डावात परत पाण्यावर आणलं. ४ जूनला खऱ्या समुद्रात कागा बुडाली. आगीनं वेढलेली आकागी दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःच बुडवावी लागली.

सैन्यात आजही वाळूवर भूभाग मांडून मोहीम समजावतात. आपल्या गावांत निवृत्त जवान कमी नाहीत. वाळूचा असा नकाशा करायला त्यांच्याइतका चांगला गुरू नाही. शाळेत हा प्रकार न्यायचा तर त्यांनाच पंच करावं. पोरांवर त्यांचा धाक असतो आणि फासा सरकवला तर त्यांना दिसतो.

खर्चाचं उगाच भय नको. आष्टीसाठी आठ बाय चार फुटांचा प्लायवूड, त्यावर चाळलेली काळी माती फेविकॉलनं बसवलेली, ज्वारीच्या धांड्यांची रानं, नाल्यासाठी थर्माकोल कोरलेला. घोडेस्वार पुठ्ठ्याचे चालतील. पुण्यात त्रिमितीय छपाई करणाऱ्यांकडून एक साचा करून घेतला तर पुढचे कुंभाराकडून काढून घेता येतील, फक्त त्यांचा आकार बोटाएवढा ठेवा, आपल्या नेहमीच्या चित्रांसारखा वीतभर नको. नाहीतर बाजीराव एका चालीत टेबलाबाहेर जाईल. फेऱ्या आठ पुरेत. स्मिथच्या बाजूनं बसणारा गडी मात्र आधी ठरवून ठेवा, नाहीतर सगळा वेळ त्यावरच्या वादात जाईल. आणि तलावाखालचा ओढा कुठून वाहत होता, हे नकाशावर नीट लागलं नाही, तर आष्टीच्या जुन्या शेतकऱ्यांना विचारा. बांध आणि पाणंद यांच्या वळणावरून ते सांगतील.